शनिवारच्या पावसाबद्दल ऑब्दुलिया आत्यास

साल्बेदा, मंगळवार

तीर्थरूप ऑब्दुलिया आत्या,

सेल्सोचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठांतलं एक अंग जमिनीला टेकत नाही, तेवढं सांभाळून घे.) तुझी कंबर कशी आहे? पहाटेच्या प्रार्थनेला अजूनही सगळ्या भगिनींच्या आधी तूच उतरतेस, असं मठाच्या माळ्याकडून कळलं. त्याचं म्हणणं, बाकीच्या घाबरून लवकर उठतात. आम्ही इकडे ठीक. शनिवारी आमच्या लेकीचं, कोवाचं लग्न, त्यामुळे तुझी सून रेमे चार किलोंनी उतरली आहे. त्यातले दोन माझ्यावर ओरडून उतरले, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

फुटबॉलचा प्रशिक्षक झाल्यापासून माझं कसं चाललंय, हे तू विचारलं होतंस. खरं सांगायचं तर मला एकच विद्या येते, समोरच्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. सोळा वर्षं बचावात खेळलो, त्यात पेपरात माझा एकच फोटो आला: एका नामांकित आघाडीच्या खेळाडूचा कळवळलेला चेहरा आणि शेजारी माझा पाय. (तू तो प्रार्थनेच्या पुस्तकात जपलास. चेहरा कापून टाकलास, पाय ठेवलास.) प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी माद्रिदला गेलो, तर तिथले गुरुजी तीन आठवडे गोल कसा करायचा तेच शिकवत होते. मी वहीत लिहून घेतलं, पण मनाला पटलं नाही. त्यामुळे साल्बेदाच्या पोरांना मी मला येतं तेच शिकवलं आणि पहिले अकरा सामने शून्य-शून्य सुटले. बायका विणकाम घेऊन येऊ लागल्या. पुरुषांनी गोलामागे पत्त्यांचा डाव मांडला आणि चेंडू तिकडे गेला की तेच आमच्यावर चिडायचे.

मग एका रविवारी धो धो पाऊस आला, मैदानाचा नुसता राडा झाला आणि आम्ही जिंकलो. माझी पोरं गाईंच्या गोठ्यात वाढलेली, घोट्याएवढ्या चिखलात त्यांची पावलं घरच्यासारखी पडतात. समोरची शहरातली पोरं मात्र उभ्या उभ्या रुतत होती. त्यानंतर आम्ही चार सामने जिंकलो, चारही चिखलात. कोरड्या मैदानावर अजून एकही नाही. याला लोक माझे डावपेच म्हणतात आणि मी म्हणू देतो.

मागच्या महिन्यात पाऊस दडी मारून बसला, तेव्हा मी गिरणीच्या पाटाचं पाणी मैदानात सोडलं. आमचं मैदान उतरतं आहे हे मी आजवर प्रत्येक रेफरीसमोर नाकारत आलो होतो. आता ते पाण्यानंच सिद्ध केलं, कारण सगळं जाऊन साठलं एकाच गोलासमोर. उत्तरार्धात तो गोल आमच्या वाट्याला आला. आमचा गोलरक्षक पोटरीभर पाण्यात उभा होता. दोनदा चेंडू त्याला चकवून आत निघाला आणि दोन्ही वेळा रेषेअलीकडे डबक्यात तरंगत राहिला. सामना शून्य-शून्य. नगरपालिकेनं पाटाला कुलूप ठोकलं.

आता या रविवारचा शेवटचा सामना. हरलो तर क्लब खालच्या गटात जाईल. अध्यक्ष एवारिस्तो यांनी मला बोलावून सफरचंदाची सायडर पाजली, लग्नाची चौकशी केली आणि शांतपणे म्हणाले, "सेल्सो, तुझा मान राखून सांगतो. रविवारी हरलास तर सोमवारपासून येऊ नकोस." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण आत्या, मला भीती वाटते. बावन्नाव्या वर्षी, ज्याला फक्त अडवता येतं, त्याला कोण काम देणार?

असो. लग्नाचं जेवण सफरचंदाच्या बागेत, उघड्यावर आहे. मांडव नको म्हणून रेमे हटून बसली आहे. तुमच्या मठाचा उंबरठा ओलांडून तू येऊ शकत नाहीस याचं वाईट वाटतं. सर्व भगिनींना नमस्कार.

तुझा,
सेल्सो

ता. क. लग्नाआधी तुमच्या मठात अंडी दिली आणि तुम्ही प्रार्थना केली की त्या दिवशी पाऊस पडत नाही, हे मी तुला काय सांगणार. उद्या कोवा हे पत्र आणि रेमेनं दिलेली तीन डझन अंडी घेऊन येईल. अंडी खुशाल घ्या, खा. प्रार्थना मात्र या खेपेला राहू द्या. वेधशाळेनं शनिवारी पाऊस सांगितलाय आणि आमचं मैदान एक दिवस पाणी धरून ठेवतं.

ता. क. २. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही.

ता. क. ३. पोरीच्या लग्नात पाऊस मागणारा बाप कसला, हे मला ठाऊक आहे. रेमेला कळू देऊ नकोस.

आत्याआजी, मी कोवा लिहितेय. बाबा पाकीट कधीच चिकटवत नाही. आईनं पत्र माझ्या आधी वाचलं आणि मुकाट्यानं अंडी टोपलीतून काढून ठेवली, म्हणून तुला नुसतीच सफरचंदं मिळतील. जेवण आम्ही सायडरच्या कोठारात हलवलंय. पाऊस पडू दे. बाबाला मात्र यातलं काही सांगू नकोस. माझ्या लग्नात पाऊस आला की तो स्वतःमुळेच आला असं वाटून बाबा रडेल, आणि आम्हा दोघींना तो एकदा तरी रडलेला बघायचाय.