तुमच्या निबंधातले वडील

सर, तुमचे निबंध मी शिकवणार नाही. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना तसं तोंडावर सांगून आले, आणि आता तुम्हालाही सांगते, कारण खरं भांडण तुमच्याशीच आहे. त्यांच्या हातात झेरॉक्सचे कागद होते, पण अक्षर तुमचं होतं, लगेच ओळखलं मी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचे इंग्रजी निबंध माजलगावहून इकडे सिरसाळ्यापर्यंत चालत आले. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालीत, उजव्या कडेच्या ओळी कापल्या गेल्यात. आणि पोरं त्या कापलेल्या ओळी तशाच पाठ करतात, सर. अर्ध्यावर तुटलेलं वाक्य, पुढे काही नाही, आणि ते ठसक्यात म्हणून पुढच्या ओळीवर जातात. कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. मला मात्र ते ऐकून अंगाचा तिळपापड होतो. वाक्य अर्धं आहे की पुरं आहे एवढंही ज्याला कळत नाही, त्याला आपण इंग्रजी शिकवलं म्हणायचं का?

मी कोण ते तुम्हाला आठवेल. खिडकीजवळच्या बाकावर बसायची ती, बसस्टँडसमोर पपई-मोसंबीचा गाडा लावणाऱ्याची मुलगी. नववीत तुम्ही फळ्यावर ‘माय फादर’ लिहिलंत आणि आम्हाला उतरवून घ्यायला सांगितलंत. तुमच्या निबंधातले वडील सरकारी अधिकारी होते. सकाळी फिरायला जायचे, इंग्रजी पेपर वाचायचे, दहाच्या ठोक्याला ऑफिसात हजर व्हायचे. आमच्या वर्गात कारखान्यावर काम करणाऱ्यांची पोरं होती, गॅरेजवाल्याचं होतं, शेतकऱ्यांची होती. एका तासात सगळ्यांचे बाप अधिकारी झाले. मी तो निबंध उतरवला, पण घरी जाऊन दुसराच लिहिला. लहान लहान वाक्यं होती, जेवढी येत होती तेवढी. माझे वडील फळं विकतात. पपईची पिवळी बाजू ते रस्त्याकडे करतात. संध्याकाळी उरलेली पपई आम्ही खातो. म्हणून मला पपई आवडत नाही.

तुम्ही मला पुढे बोलावलंत आणि तो मोठ्याने वाचायला लावलात. पपईपाशी वर्ग हसायला लागला. तुम्ही म्हणालात, “बोर्डाचा मास्तर काय पपई घ्यायला येणार हाय का तुझ्या बापाकडं?” मग हसू थांबल्यावर, जरा हळू आवाजात, “तुमच्या घरात धड मराठी न्हाई, इंग्रजी कुठून येणार? जे दिलंय ते पाठ कर, पार होशील.” आणि लाल पेनने त्या पानावर एक लांब तिरकी रेघ मारलीत. मी बाकावर येऊन ते पान कितीदा पाहिलं असेल. एकाही शब्दाखाली खूण नव्हती. एकही वाक्य चुकलेलं नव्हतं, सर. ही गोष्ट मला तेव्हा सांगता आली नाही, म्हणून आज सांगते. तुम्ही माझी बरोबर वाक्यं खोडलीत.

त्या रात्री मी तुमचा निबंध घरात येरझाऱ्या घालत पाठ केला. अब्बा गाडा ढकलून आणून नुकतेच टेकले होते. त्यांनी विचारलं, “मेरे बारे में हाय क्या? क्या लिखेली हाय, बता तो.” मी ओळ न् ओळ सांगितली. अधिकारी आहेत, ऑफिसला जातात, पेपर वाचतात. अब्बांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि अम्मीकडे बघून म्हणाले, “अफसर बना दी मेरे कू. फिर बदली कब होती मेरी?” अम्मी हसून हसून बेजार. त्यानंतर आमच्या घरात ती एक म्हणच झाली. अब्बा उशिरा आले की अम्मी विचारायची, बदली हो गई थी क्या. मीही हसायचे. पण आतून लई राग यायचा, आणि तो अब्बांचा नव्हता.

हे सगळं लिहिताना मला दुसरा एक दिवसही आठवतो, आणि तो सोडून दिला तर मी खोटी ठरेन. दहावीचा निकाल लागला होता. तुमचेच निबंध पाठ करून मला इंग्रजीत भरपूर मार्क पडले होते, ते मी नाकारत नाही. अब्बांच्या मनात मला पुढे शिकवायचं नव्हतं, पोरीच्या जातीला अंबाजोगाईला कोण पाठवणार. तुम्ही भर दुपारी आमच्या घरी आलात. अंगणातल्या बाजेवर बसलात. अम्मीने पाण्याचा तांब्या आणला, तुम्ही तो हातात घेतलात आणि बाजूला ठेवून दिलात. अम्मीचा चेहरा उतरला, मला दिसलं. आमच्या घरचं पाणी चालत नाही म्हणणारे लोक आम्ही पाहिलेले होते. मग तुम्ही म्हणालात, “रोजे चालू हाईत न्हवं तुमचे? मग मी बी थांबतो.” जूनचं ऊन, अंगणात धुरळा, आणि तुम्ही अब्बांशी तासन् तास बोलत बसलात. हिला शिकवा, हिला शिकवा, एवढं एकच. शेवटी मशिदीतून अजान झाली तेव्हा आमच्याबरोबर खजूर घेतलात, पाणी प्यालात, आणि जाताना पपईची फोडसुद्धा खाल्लीत. मी अंबाजोगाईला गेले. तुमच्यामुळे गेले.

म्हणूनच तुमच्याशी भांडणं इतकं अवघड जातं. तुम्ही नुसते वाईट मास्तर असता तर मी केव्हाच विसरून गेले असते.

तुम्ही गेलात तेव्हा फोनवरचे ग्रुप नवे नवे होते. आपल्या शाळेच्या जुन्या पोरांचाही एक झाला होता. सकाळी बातमी आली आणि दिवसभर तिथे एकच वाक्य येत राहिलं. तुमच्या पत्रलेखनातलं, मित्राच्या वडिलांच्या निधनाबद्दलचं. ‘आय वॉज डीपली शॉक्ड टू हिअर द सॅड डिमाइज ऑफ युवर बिलव्हेड फादर.’ एकाने टाकलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. ग्रुपमध्ये तुमच्या घरचं कुणीच नव्हतं, सर. म्हणजे जो तो दुसऱ्याच्या वडिलांचं दुःख करत होता, आणि बऱ्याच जणांचे वडील धडधाकट होते. एकाने तर पूर्ण पत्र उतरवलं, शेवटच्या ओळीसकट: परीक्षा संपली की मी तुला भेटायला येईन. त्याचं आता ट्रॅक्टरचं शोरूम आहे, कसली परीक्षा आणि कसलं काय. मी हसले, आणि हसता हसता रडायला आलं. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण तुम्ही आम्हाला तुमच्यासाठी रडायलासुद्धा आमचं असं एक वाक्य ठेवलं नव्हतं. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहायला गेले की तुमचीच ओळ बोटांत यायची.

तेव्हापासून मी माझ्या वर्गात निबंध सांगणं बंद केलं. काय करते ते ऐका, मग खुशाल रेघ मारा. लिहायच्या आधी शेजारच्या पोराला तोंडी सांगायचं. घरच्या भाषेत सांग, कशातही सांग. ऐकणाऱ्याचं काम एकच, कळलं नाही की म्हणायचं, “म्हंजी?” जिथे ‘म्हंजी’ आलं तिथे वाक्य अडलं. मग ते मोडायचं, त्याची दोन करायची. कोण आहे, त्याने काय केलं, कुणाला केलं, एवढं आधी सांगायचं. मग ते इंग्रजीत मांडायचं. परिच्छेदालाही हाच कायदा. एक गोष्ट धरली की ती संपेपर्यंत दुसऱ्या गल्लीत शिरायचं नाही. आणि निबंध सुरू कुठून करायचा, तर जो तिथे नव्हता तो पहिल्यांदा काय विचारेल तिथून. सुरुवातीला वर्गात नुसता ‘म्हंजी, म्हंजी’ असा गलका व्हायचा. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन विचारून गेले, “कावून एवढा कालवा चाललाय ओ मॅडम?”

दहावीत एक मुलगी आहे, मेंढपाळांची. घरचे मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात, ही मावशीकडे राहून शिकते. तिने ‘माय फादर’ लिहिला. माझे वडील मेंढरं घेऊन जातात. शेतकरी त्यांना बोलावतात. रात्री मेंढरं शेतात बसतात. सकाळी शेतकरी आम्हाला ज्वारी देतो. शेजारची लगेच म्हणाली, “म्हंजी? नुसतं बसल्याबद्दल जवारी?” वर्ग हसला. हीही हसली, आणि मधे एक वाक्य घातलं, मेंढरांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळतं. झाला परिच्छेद. उजव्या कडेला काही कापलेलं नाही, कुठे काही लोंबतं ठेवलेलं नाही. मी त्याच्यावर रेघ मारली नाही.

मग पालकसभा झाली. आमचे मुख्याध्यापक तुमचेच विद्यार्थी, माझ्या मागून शिकलेले. सगळ्यांसमोर तुमचे कागद हलवून म्हणाले, “मॅडम, ह्यांना काय लेखक व्हायचंय का? रिझल्टचं बघा. ह्या निबंधांवर आम्ही समदे पास झालो.” मी त्या मुलीला उभं केलं. तिने इंग्रजीत वाचलं, मग एकेक वाक्य मराठीत सांगितलं. मागच्या रांगेत तिचे वडील होते, पटका गुडघ्यावर काढून ठेवलेला. ते म्हणाले, “एवढं समदं इंग्रजीत हाय?” मग पोरीला म्हणाले, “एक ऱ्हायलं बघ. नुसती जवारी न्हाई, च्या-साखर बी देतेत.” पोरीने तिथेच खाली वाकून ते लिहून घेतलं. मला अब्बा आठवले. मी पाठ केलेल्या निबंधात अब्बांना एक शब्द घालता आला नसता, ते त्यात नव्हतेच.

पण मग त्याच माणसाने मला विचारलं, “पर बाई, हिच्यानं पोरगी पास हुईल का?” इथे मी अडले, सर. हे खरं दुखणं आहे आणि ते तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत होतं. ही पोरगी नापास झाली तर पुढल्या दिवाळीला मेंढरांमागे जाईल, नाहीतर तिचं लग्न लावतील. तुम्ही आमच्यासाठी नेमके ह्यालाच भ्याला होतात. मी त्यांना ‘होईल’ असं सांगितलं नाही. म्हणाले, “जे लिहील ते तिचं तिला कळेल. आणि कळलेलं माणूस परीक्षेत विसरत नाही.” मुख्याध्यापक हसले. सभा संपल्यावर मला ऑफिसात बोलावून म्हणाले, सोमवारपासून हे निबंध सांगा, नाहीतर दहावी दुसऱ्यांना देतो, तुम्ही पाचवी घ्या. मी म्हटलं, “द्या पाचवी.”

दिली. माझ्या निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत, ही पाचवी दहावीत येईल तेव्हा मी शाळेत नसेन. त्यांना वाटतं ही शिक्षा आहे. वाटू दे. पाचवीच्या पोरांना ‘म्हंजी’ म्हणायला शिकवावं लागत नाही, तीच मला दिवसभर विचारतात. अजून कुणी त्यांची ती खोड मोडलेली नाही.

आज मधल्या सुट्टीआधी व्हरांड्यातून चालले होते. दहावीच्या वर्गात तुमचा निबंध चालू होता, सगळे एका सुरात. सरकारी अधिकारी आले, इंग्रजी पेपर आला, आणि मग ती कापलेली ओळ आली, अर्ध्यावर तुटली. वर्ग पुढच्या ओळीवर जाणार, तेवढ्यात मागून एक आवाज आला, “म्हंजी?” कुणाचा ते मी खिडकीतून वाकून पाहिलं नाही. पाठांतर तिथेच थांबलं. नव्या सरांनी कागद जवळ धरून पाहिला, उलटून पाहिला. त्यांच्याकडेही ओळ तेवढीच होती. सर, तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, पण मी व्हरांड्यात उभी राहून हसले.

हे पत्र मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुमच्यावर बाजी मारायची म्हणून. पहिलीच ओळ तुमची आली, डीपली शॉक्ड वाली, म्हणून कागद फाडला आणि मराठीत बसले. पण आता शेवटी दोन वाक्यं इंग्रजीत लिहिली आहेत, वेगळ्या कागदावर. पहिलं असं की त्या दुपारी माझ्या सरांनी आमच्या घरी पाणी घेतलं नाही. ते वाचून मीच स्वतःला म्हटलं, म्हंजी? एवढंच ठेवलं तर परका माणूस तुम्हाला भलताच समजेल. म्हणून दुसरं लिहिलं, आमचे रोजे होते आणि ते आमच्यासाठी तहानलेले थांबले. ग्रुपवर टाकणार नाही, इतक्या वर्षांनी कुणाला काय सांगायचं. तिसरं वाक्यही लिहायचं होतं. तुमची आठवण येते, एवढंच. ते मात्र अजून मला माझ्या इंग्रजीत लिहिता आलेलं नाही.