कुटुंबात आणखी कोणी?

प्रिय रमण,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय आणि अक्षर बोराएवढं काढलंय, म्हणून हसू नकोस. एका पानावर आठच ओळी आणि दोन ओळींत भलंमोठं अंतर. एकतीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलं, त्यामुळे हात अजून वळतो. असं का लिहिलंय ते शेवटी सांगते. तुला घाई नको. वाइंडिंगला मोटर आली की पत्र खाली ठेव आणि सवडीने पुन्हा उचल.

आम्ही सगळे मजेत आहोत. इथे अवोन्डेलला थंडी अजून आहे, पण रविवारचा बाजार चुकवत नाही. मेथीची जुडी इस्लामपूरपेक्षा मोठी मिळते, चव मात्र विचारू नकोस. परेश आणि स्वप्ना सकाळी सातला बाहेर पडतात, मग इरा माझ्या ताब्यात. सात वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. शाळेतून येते ती अनवाणी, जांडल म्हणजे रबरी चपला दप्तरात. इथे त्याबद्दल कोणी रागावत नाही, मीच एकटी रागावते. परवा फाटकाजवळच्या पत्रपेटीचं झाकण निखळलं, तर या बाईसाहेबांनी माझ्या केसांतला आकडा काढून घेतला आणि बिजागरी बसवली. मला तू आठवलास. तूही भाऊंचा रेडिओ उघडलास तेव्हा एवढाच होतास.

इथे शाळेतून रोज एक छोटं पुस्तक घरी येतं. मुलाने ते मोठ्यांना वाचून दाखवायचं आणि मोठ्यांनी एका वहीत सही करायची. ते काम माझ्याकडे आलं. मी आधी एकदा बोट ठेवून वाचून दाखवायची, मग ती घडाघडा म्हणायची, आणि मी वहीत ‘छान वाचलं’ म्हणून सही ठोकायची. आपल्याकडे पाठ झालं म्हणजे आलं. भीमरूपी तिला चार दिवसांत पाठ झाली, तेव्हा मी शेजारच्या गुजराती बाईंनासुद्धा बोलावून ऐकवली होती.

मग एके दिवशी पुस्तकावर फीजोआचा, इथल्या एका पेरूसारख्या फळाचा, रस सांडला आणि दोन पानं एकमेकांना चिकटली. इरा वाचत होती, बोटही फिरवत होती, पण जे वाचत होती ते चिकटलेल्या पानांच्या आत होतं. बोट होतं बदकावर आणि तोंडात बेडूक. मी पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठावरचा एक साधा शब्द विचारला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. शब्दाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. रमण, ती नजर मी ओळखते. आपल्या घरात लहानपणी रोज पाहिली आहे.

आणि तरी मी तीन आठवडे गप्प बसले. कारण स्वप्ना आधीपासून म्हणत होती की काहीतरी वेगळं आहे, शाळेला पत्र लिहून इराची तपासणी करून घेऊ. परेश म्हणायचा, दोन भाषा आहेत, वेळ लागतोच. आणि मी, घरातली शिक्षिका, मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते की आमच्या घराण्यात असलं कोणी नाही, पोरीला उगाच शिक्का मारू नका. बोलून बसले होते, मग गिळायचं कसं? शेवटी एका संध्याकाळी वरणाला फोडणी देता देता स्वप्नाला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती चिडेल. तिने गॅस बंद केला, माझा हात धरला आणि म्हणाली, “आई, बरं झालं तुम्ही बघितलंत.” मला रडू आलं. फोडणी जळली ती वेगळीच.

तिने लगेच शाळेला ईमेल लिहिली आणि आठवड्यात बोलावणं आलं. मलाही नेलं. इराच्या बाईंना मुलं फाया म्हणतात, इथल्या माओरी भाषेत मावशीसारखंच. चांगल्या जाडजूड, हसऱ्या आहेत. त्यांनी वहीतल्या माझ्या सह्या दाखवल्या तेव्हा मला जमीन दुभंगावी असं झालं. त्या म्हणाल्या, इतकं सगळं पाठ करणारं डोकं म्हणजे केवढं डोकं. तपासणी झाली की तिला वेगळ्या पद्धतीने शिकवतील. मोठं अक्षर, मोकळ्या ओळी, शब्दांचे आवाज सुटे करून. पोरगी मंद नाही रे. अक्षरं तिच्याशी नीट वागत नाहीत, एवढंच. हे कळल्यापासून घर हलकं झालंय. इरा तर सगळ्यांना सांगत सुटली आहे, “माय ब्रेन लर्न्स डिफरंट, आज्जी, स्वीट अ‍ॅज.” म्हणजे एकदम झकास.

आता तपासणीचा अर्ज टेबलावर आहे. त्यात एक प्रश्न आहे : कुटुंबात आणखी कोणाला लिहिण्या-वाचण्याची अडचण होती का? परेशने ‘नाही’वर खूण केली. त्याला काय माहीत? त्याला माहीत आहे तो मामा, ज्याने हात लावला की बंद पंप सुरू होतो आणि ज्याचा चष्मा नेहमी घरी राहिलेला असतो. बँकेत, लग्नपत्रिकेपुढे, औषधाच्या चिठ्ठीपुढे, साठी उलटली तरी तुझा चष्मा काही सापडत नाही. तुझ्या वह्या सातवीपर्यंत कोण लिहीत होतं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. भाऊंचा मार चुकावा म्हणून मी डाव्या हाताने वेडंवाकडं लिहायची, तुझं वाटावं म्हणून. तुला वाचवतेय असं वाटायचं. पुढे शिक्षिका झाले, दुसऱ्यांची चारशे पोरं वाचायला शिकवली, आणि तुझ्याशेजारी एकदाही पुस्तक घेऊन बसले नाही. माझं चुकलं, रमण. इराच्या वहीत सह्या केल्या तेव्हा तेच पुन्हा करत होते.

म्हणून हे पत्र. फोनवर विचारलं असतं तर तुझी शैला शेजारी असती आणि तू हसून टाळलं असतंस. फाया म्हणतात तसं मोठं आणि मोकळं लिहिलंय, कोणाकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून. आठ दिवस लागले तरी चालेल, महिना लागला तरी चालेल. टर्म संपेपर्यंत मी अर्ज धरून ठेवीन. त्या ‘नाही’वर काट मारून तुझं नाव लिहू का? तू नको म्हणालास तर लिहिणार नाही, आणि रागही धरणार नाही. पण इराला कळायला हवं की तिच्यासारखं आणखी कोणीतरी आहे, आणि त्याने अख्ख्या तालुक्याच्या मोटारी चालू ठेवल्या आहेत. उत्तर लिहायचं नाही. नेहमीसारखा रविवारी फोन कर, शैला शेजारी असली तरी हरकत नाही. एवढंच म्हण : ताई, चष्मा सापडला.

तुझीच,
मनूताई