वजनावर आलेला चहा

सर,

१९८७ सालचा डिसेंबर, दुसरा मंगळवार, दुपारचे सव्वातीन. त्या वेळी तुम्ही माझ्यावर अन्याय केलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नका.

साखर कारखान्यात, तुमच्या हाताखालच्या कॉम्प्युटरच्या खोलीत संचालक बसले आहेत, मलकापूरकडचे एक ऊसवाले शेतकरी पावतीची वाट बघत आहेत, आणि मी माझा प्रोग्रॅम दाखवते आहे. तो नीट चालला तर याच हंगामात माझी नोकरी पक्की होणार. उसाचं वजन पडद्यावरच्या एका चौकटीत, म्हणजे खिडकीत, दिसतं. पावती छापण्याआधी प्रोग्रॅम त्या खिडकीतलं एकेक अक्षर परत वाचतो आणि काट्यावरून आलेल्या आकड्याशी ताडून बघतो. सी भाषेतली ही युक्ती तुम्हीच शिकवली होतीत, शेजारी खुर्ची ओढून, माझ्या डब्यातली भाकरी न विचारता मोडत. "बाईला मशीन कशाला?" म्हणणाऱ्या अकाउंटंटला तुम्ही म्हणाला होतात, "तुला समजंना, म्हणून व्हय?"

तेवढ्यात वजनाच्या आकड्यांवरच ‘चहा आला’ अशी इंग्रजी अक्षरं उमटली. संचालकांनी ती मोठ्यानं वाचली.

"माझ्या उसात च्या कुणी वतला वो?" शेतकरी म्हणाले. सगळी खोली हसली. प्रोग्रॅम मात्र सांगत होता, वजन बरोबर आहे.

"डोळ्यांदेखत आकडा बिघडलाय आणि हे बरोबर म्हणतंय!" तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात. "मग परत वाचतंय काय, कपाळ? कॉन्व्हेंटात हेच शिकवलं काय?"

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी एवढंच शिकवलं, की चूक आपली असेल तर छडीसाठी हात पुढे करायचा, नसेल तर पाठीमागे ठेवायचा. प्रोग्रॅम पडद्याची काच वाचत नाही, सर. तो खिडकीची स्वतःजवळची प्रत वाचतो, आणि तिच्यात वजन शाबूत होतं. काचेवर परस्पर अक्षरं टाकलीत ती तुम्ही! रोज चहा आला की केबिनमधून सगळ्या टर्मिनलांवर एकदम निरोप सोडायची तुमची सवय. पाहुण्यांच्या चहाचाही तसाच सोडलात आणि निवांत माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिलात. मी प्रोग्रॅमला पडदा पुसून नव्यानं काढायला लावला, वजन जागच्या जागी आलं. तोवर संचालक उठले होते. माझं पक्कं होणं एक हंगाम लांबलं.

दुसऱ्या दिवसापासून निरोप बंद. तुम्ही स्वतः दारात येऊन हाक मारता, "चला, च्या निवतोय," आणि पहिला कप माझ्या टेबलावर ठेवता. थेट निवृत्त होईपर्यंत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! कबुलीचा मात्र एक शब्द नाही. कपानं भरपाई होते का? त्या कपाची मी वाट बघायची, हा मुद्दा वेगळा.

तेव्हा येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत, चूक तुमची होती असं सहीनिशी लेखी कळवा. मी पत्र टाकलंच नाही, ही सबब चालणार नाही. तोंडी उत्तरही चालणार नाही. तुम्ही नुसते समोर येऊन उभे राहिलात, तर मला काय मागायचं होतं तेच आठवणार नाही.