घाटात खरंच फरक पडला होता का

आबा, काल तुमची गाडी टेम्पोत घालून सांगलीला नेली होती. तीच जुनी दीडशे सीसीची, जिच्यावर तुम्ही पेन्शनीवर आल्यापासून बाजाराला जायचात. आई म्हणाली, "आता त्या म्हातारीला कशाला हिंडवतीस?" पण माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं, ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. काल जे बघितलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. तसंही तुम्हाला काही सांगायचं म्हणजे लिहावंच लागायचं. तोफखान्यातल्या नोकरीनं तुमचे दोन्ही कान नेले होते. आम्ही पाटीवर लिहायचो, नाहीतर कानाशी ओरडायचो, आणि तुम्ही साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायचात.

मला तेव्हा गाड्यांचं वेड लागलं होतं. डिप्लोमा झाला होता, पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणंही आलं होतं, आणि मला हवं होतं कोरेगाव रस्त्यावरचं आपलं पत्र्याचं शेड. तिथं मला वर्कशॉप टाकायचं होतं, गाड्यांची ताकद वाढवून द्यायचं. तुम्ही ते खताच्या दुकानाला भाड्यानं द्यायच्या बेतात होता. मी जेवताना विषय काढायची आणि तुम्ही ताटातून मान वर करायचा नाहीत. शेवटी एकदा हात धुता धुता म्हणालात, "माझी गाडी घे. काय करायचं ती कर. मग मला मागं बसवून यवतेश्वरचा घाट चढीव. मला फरक कळला तर शेड तुजं. न्हाई कळला तर गुमान पुण्याला जायाचं." आई मध्येच म्हणाली, "आवं, पोरीच्या दुकानात गिऱ्हाईक तरी यील का?" तुम्हाला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मग मी कामाला लागले. इंजिन हवा आत घेतं आणि धूर बाहेर सोडतं, तर या दोन्ही वाटा मोकळ्या केल्या की गाडी पळणारच, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात. सीटखालचा हवेचा डबा काढून टाकला, तिथं उघडा फिल्टर लावला. सायलेन्सर कापून आतल्या जाळ्या काढल्या आणि परत वेल्डिंग मारलं. किक मारली तर समोरच्या घरातली भांडी वाजली म्हणे. आळीतली पोरं गोळा झाली, "लय भारी, लय भारी" करत. मी अशी काही फुगले की विचारू नका. त्या आवाजात तुम्हाला मागं बसवून घाटाला लागले. चहाच्या टपरीवरची माणसं माना वळवून बघत होती, आणि तुम्ही मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून देवळात बसल्यासारखे गप्प. वर पोचल्यावर उतरलात, धोतराचा सोगा नीट केलात आणि म्हणालात, "गाडी मेलीया."

मी कानाशी ओरडले, की आवाज बघा, सगळी म्हणतात भारी झालीय. तुम्ही म्हणालात, "तोफेच्या आवाजावरनं गोळा कुठं पडला ते कळत न्हाई. हिची वढ गेलीया. आधी चढाला तिसऱ्या गिअरवर निघायची, आता दुसऱ्यावर बी रडती." मला इतका राग आला की उतरताना तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. ते तुम्हाला कळलं असेल असं नाही. पण घरी येईपर्यंत मलाही उमजायला लागलं होतं. त्या आवाजानं सगळ्यांना फसवलं होतं, मला सगळ्यांत आधी. फसले नाहीत ते फक्त तुम्ही, कारण तुमच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

मला वाटलं होतं, आता तुम्ही बॅग भरायला सांगाल. दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणात गाडीशेजारी पाट टाकून बसलाय. मी इंजिन चालू करते, रेस वाढवते. तुम्ही सायलेन्सरच्या मागं तळहात धरता, डोळे मिटता. मग उठून दुसऱ्या बाजूला येता आणि कार्बोरेटरच्या तोंडापुढं हात धरता, जिथून हवा आत जायची. थोड्या वेळानं तो हात माझ्या नाकाशी आणता. तळहात ओला आहे, पेट्रोलचा वास येतोय. हवा आत जायच्या वाटेनं पेट्रोलचा फवारा उलटा बाहेर येत होता. "ही आत घेती का बाहेर थुकती?" तुम्ही विचारलंत. पुढं पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की बाहेर पडणारा धूर पाईपात आपल्यामागं ओढ सोडत जातो आणि ती ओढच नव्या हवेला आत खेचून आणते. पाईप वेडावाकडा मोकळा केला की ती ओढ चुकीच्या वेळेला येते आणि आलेली हवा परत फिरते. हे सगळं मिनिटाला हजारो वेळा, त्या मूठभर लोखंडात. मी आजही कधीकधी हातातलं काम सोडून नुसती बघत राहते. पण ते पहिल्यांदा कळलं ते तुमच्या ओल्या हातावर.

मग आपण दोघांनी गाडी नव्यानं बांधली. हवेचा डबा परत बसवला, फक्त त्याला थोडं मोठं तोंड केलं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट एक नंबर मोठं घातलं. सायलेन्सर कंपनीचाच, नवा आणलेला, आतली एकच जाळी उघडलेली, आणि पुढचा वाकडा पाईप जरा लांब. तो पाईप काढताघालताना माझा हात कोपरापासून खाली भाजला. आईनं कोरफड लावून कापड बांधलं आणि म्हणाली, "बास झालं आता." मी त्याच हातानं परत पाना धरला. तुम्ही पाटावर बसून बघत होता. चार दिवसांनी परत घाट चढलो, तुम्ही मागं, हात खांद्यावर. वर पोचल्यावर तुम्ही उतरलात, खाली साताऱ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "फरक हाय." बंडीच्या खिशातून शेडची किल्ली काढलीत. म्हणजे घरातून निघतानाच ती तुम्ही बरोबर घेतली होती. तेव्हा हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवसापासून, आबा, मी जगाला तुमच्या तळहाताची गोष्ट सांगत आलेय. शेड आता चांगलं मोठं झालंय. कराडची, विट्याची, पार म्हसवडकडची गिऱ्हाइकं येतात. पोरं येतात आणि म्हणतात, ताई, आवाज काढून द्या. पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडतात, तरी हौस जात नाही. त्यांना मी पाटावर बसवते, चहा देते आणि सांगते, माझा बाप बहिरा होता, आणि अख्ख्या साताऱ्यात गाडी त्या एकट्याला कळली.

काल सांगलीला नेली ती हेच मोजून बघायला. कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राकडं मशीन आलंय. गाडीचं मागचं चाक रोलरवर ठेवायचं, पट्ट्यांनी आवळायची आणि जागेवरच पळवायची. इंजिन किती ओढतंय त्याची रेघ पडद्यावर उमटते. जुने सगळे सुटे भाग मी जपून ठेवले होते, जे कापलं होतं ते कंपनीचं कोरं मिळवलं. आधी गाडी कंपनीची होती तशी करून पळवली. मग माझी ती पहिली, बोंबलणारी. रेघ मध्यावर आली आणि धाडकन खाली गेली, नेमकी तिथं, जिथं चढाला जोर लागतो. माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही मागच्या सीटवर बसून सांगितलं होतं तेच, जसंच्या तसं. मित्राला म्हटलं, बघ, बघ माझा बाप. मग तिसरी, आपण दोघांनी बांधलेली. रेघ आली आणि कंपनीच्या रेघेवर जाऊन बसली. परत पळवली. परत तेच. वर केसभर जास्त, खाली केसभर कमी, सगळं मिळून काहीच नाही. मित्र मशीन तपासायला लागला. मशीन बरोबर होतं.

येताना टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी बसून रडले. ज्या माणसाला ताकदीतला तो खड्डा कळला, त्याला हेही कळलंच असणार. पलटणीत मेजरसाहेबाला तोंडावर "चुकलं तुमचं" म्हणणारे तुम्ही, माझ्यासाठी घाटाच्या माथ्यावर उभं राहून बेधडक खोटं बोललात. इतकी वर्षं मला तुमच्या हाताचं अप्रूप वाटत होतं. आता त्या हातापेक्षा तुमचंच वाटतंय, आणि ते कुठं ठेवू तेच कळत नाही.

घरी आई मेथी निवडत होती. "निगाला का फरक?" म्हणाली. मी म्हटलं, "निघाला की. लय." ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला तर ह्यांनी तवाच सांगितलं हुतं, गाडी हाय तशीच हाय. पर भाजल्या हातानं पाना धरला पोरीनं. खताची पोती काय, कुटं बी ऱ्हात्याल." इतकी वर्षं ती माझी गोष्ट गिऱ्हाइकांसमोर गप्प बसून ऐकत आली होती. मी तिच्याशेजारी बसून मेथी निवडायला घेतली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही, म्हणून एवढं लिहूनच टाकते. त्या दिवशी हँडल माझ्या हातात होतं, आबा. मलाही काही फरक लागला नव्हता. मी तोंड पाडूनच स्टँड लावत होते, मनात पुण्याची बॅग भरायलाही घेतली होती. तेवढ्यात तुम्ही "फरक हाय" म्हणालात, आणि मी लगेच मान हलवली.