बाईंचा डावा गुडघा

बाई, आज दहावीला चेतासंस्था शिकवली आणि शाळा सुटल्यावर घरी न जाता रिकाम्या वर्गातच तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझेच केस पिकायला लागलेत. इथे शिरूर तालुक्यात नोकरीला लागल्यापासून दर वर्षी हा धडा आला, की मला आधी तुमची चप्पल आठवते, मग मेंदू. पोरं विचारतात, बाई, हसताय का? मी म्हणते, गप बसा आणि आकृती काढा.

तुमच्या अंगावरून वारं गेलं ते आमच्या दहावीच्या दिवाळीत. आमच्या राहू गावात तेव्हा सगळे असंच म्हणायचे, वारं गेलं. तीन महिने आम्हाला विज्ञान नाही. गणिताचे सर येऊन ‘वाचा’ म्हणायचे आणि स्वतः डुलक्या काढायचे. मग एके दिवशी शाळेच्या फाटकाशी वडापची, शिटा भरून नेणारी जीप थांबली आणि काकांनी तुम्हाला धरून खाली उतरवलं. डावा हात पदराखाली लोंबणारा, डावा पाय मातीत रेघ ओढत येणारा. काका म्हणजे तुमचे यजमान, दौंडला रेल्वेत, रजा काढून तुम्हाला पोचवायला आलेले. हेडमास्तरांनी तुम्हाला ऑफिसातलं बसून करायचं काम द्यायचं ठरवलं होतं, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, “दहावीची चेतासंस्था राहिलीय. ती झाल्याशिवाय मी कुठेही बसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी काय करावं? माझ्या आप्पांनी विहिरीतला एक पारवा धरून दिला, तो मी दप्तरात घालून आणला आणि तुमच्यापुढे धरला. “बाई, ह्येचं ऊन ऊन रक्त चोळायचं. आमच्या चुलत्याला गुण आला हाय.” तुम्ही दप्तरात डोकावलात. पारव्याने माझ्या भूगोलाच्या वहीची पार वाट लावली होती. “कुणाचं रक्त चोळून कुणाचा मेंदू सुधारतो का गं? दहावीत आहेस ना? सोड आधी त्याला!” जीभ जड होती तुमची, तरी शब्दन्‌शब्द बोचला. मी पारवा सोडला आणि शाळेमागे जाऊन पोटभर रडले. मला तुम्ही बऱ्या व्हायला हव्या होतात हो. विज्ञान बुडतंय म्हणून नाही. तुम्ही मला फार आवडायचात, एवढंच.

त्याच दुपारी तुमचा तास. दोन मुली तुम्हाला धरून टेबलावर बसवतात. बाई, आणि टेबलावर! मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरं मारतात. “हा पाय माझा आहे,” तुम्ही म्हणता, “मी त्याला सांगतेय, उचल. बघा आता.” आम्ही बघतो. तुमच्या कपाळावर घाम येतो, पाय काही हलत नाही. “ऐकत नाही. का? उजव्या मेंदूतली शीर बंद पडली, म्हणून डावी बाजू गेली. वारं-बिरं काही नाही.” मग तुमची नजर माझ्यावर. “ए पारवेवाली, पुढे ये. डस्टर घे. साडीवरूनच मार, गुडघ्याच्या वाटीखाली.” मी हळूच ठोकते, आणि आई गं! तुमचा पाय असा उडतो, की चप्पल थेट तिसऱ्या बाकावर. वर्ग खदखदून हसतो आणि मी केवढ्यांदा ओरडते, “हालला! बाई, पाय हालला! गुण आला!” सगळे टाळ्या वाजवतात.

तुम्ही उजवा हात वर केलात. “नाही. गुण आलेला नाही. आता उजव्यावर मार.” उजवा नुसता जरासा उडाला. “बघितलंत? चांगला पाय थोडाच उडाला, कारण त्याला वरून मेंदू आवरतो. डाव्याला आवरणारं आता कुणी नाही. हा झटका मेंदूने दिलेलाच नाही, पाठीतल्या मेरुरज्जूने परस्पर दिला. ही प्रतिक्षिप्त क्रिया.” मागून एकाने विचारलं, “म्हंजी बाई, पाय बरा कवा व्हनार?” तुम्ही म्हणालात, “कदाचित कधीच नाही.” आणि तुमचा चेहरा मात्र उजळलेला, अर्ध्याच ओठाने हसणारा. “पण अरे, बघा तरी! चाळीस वर्षं ही पाठ मला न विचारता मला सावरत होती, ठेच लागली तरी पडू देत नव्हती, आणि मला पत्ताच नाही. केवढं आहे रे आपल्या आत!” स्वतःचा पाय गेला म्हणून सांगताना असं हरखून जाणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी सारखी हात मागे नेऊन स्वतःचा कणा चाचपत होते. आजही तो तास सांगताना अंगावर काटा येतो.

दोन वर्षांनी तुम्हाला दुसरा झटका आला, तेव्हा मी दौंडला रेल्वे क्वार्टरवर आले होते. तुमची वाचा गेलेली, डोळे तेवढे उघडे. काका चहा टाकायला आत गेले आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी चादरीवरून तुमच्या उशीवर टेकवलेल्या डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने हळूच मारलं. पाय उडाला. कप घेऊन काका दारातच उभे. “हलला का गं? तू सायन्सची आहेस, तूच सांग.” मला सगळं ठाऊक होतं, बाई, तुम्हीच शिकवलं होतंत. मी म्हणाले, “हो काका. गुण येतोय.” काकांनी कप खाली ठेवले आणि टॉवेलात तोंड खुपसून रडले. तुम्ही आठ दिवसांनी गेलात.

काका अजून दौंडलाच असतात. येईल-जाईल त्याला सांगतात, शेवटी शेवटी तिच्या पायात जीव आला होता, तिच्या विद्यार्थिनीने पाहिला. म्हणून हे पत्र मी त्या पत्त्यावर टाकणार नाही. मी खोटं बोलले तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, आणि मी काकांकडे बघत राहिले.