खाली उतरणारे चार सूर

मी, सारजाबाई कारभारी दांडगे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, पूर्वीची नोकरी चिकलठाण्याला पंपाच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. यापुढं "कोणाच्याही दडपणाखाली न येता" असं लिहायची पद्धत आहे. ते मला तसं लिहिता येत नाही. दडपण आहे. पण ते मी हा कागद लिहू नये म्हणून आहे, आणि मी तर लिहायला बसले आहे.

कलम १. मालमत्ता एकच, हे घर. तळमजला, वरचा मजला आणि गच्ची. माझे यजमान कै. कारभारी यांनी गाड्यांच्या वायरिंगची कामं करून ते स्वतःच्या नावावर घेतलं. त्यांच्यामागं ते माझ्या नावावर झालं. मूलबाळ नाही. तळमजल्यावर माझे धाकटे दीर बन्सी राहतात. त्यांची बायको वारली. त्यांची मुलगी आशा लग्न होऊन चिकलठाण्याकडं नव्या वसाहतीत राहते. ती दोन वर्षांची असल्यापासून माझ्या मांडीवर वाढली आहे, आणि या घरातलं मला तेवढंच एक गोड लागलं आहे.

दिराला मी आजवर अहोजाहो केलं. या कागदात यापुढं एकेरी लिहिते. का, ते पुढं कळेल.

कलम २. गळ्यातली पोत आणि कानातली फुलं आशाला. पैठणी माझी नणंद साळूबाई हिला. यजमान गेले तेव्हा भरल्या घरात ती मला "पांढऱ्या पायाची" म्हणाली होती. तिनं ती पैठणी नेसावी आणि नेसताना तो शब्द आठवावा. वाइंडिंगची माझी कात्री आणि बांबूच्या पट्ट्या कारखान्यातले आमचे सुपरवायझर आप्पासाहेब हयात असतील तर त्यांच्याकडं पोचवाव्यात. यजमानांच्या तेराव्यानंतर मी कामावर गेले, त्या दिवशी दोन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी माझी अर्धी हजेरी कापली होती. मेल्यावर तरी बाईला रागवायची मुभा असावी.

कलम ३. माझं युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, शेजारच्या शमशाद हिची मुलगी राहत हिला. क्रांती चौकाजवळ दुकानाच्या वर राहतचा वाद्यांचा क्लास आहे. बोटं आखडली म्हणून डॉक्टर म्हणाले, हाताला काही चाळा लावा. रबरी चेंडू दाबत बसायचा मला कंटाळा आला. राहत म्हणाली, "आजी, चार तर तारा आहेत. तुम्ही आयुष्यभर तारच गुंडाळली ना? या, शिकवते." शमशाद निवृत्त शिक्षिका, पण जिभेला लगाम नाही. ती म्हणाली, "सारजा, इस उमर में तेरे कू ये कायकू सुझा गे?" मी म्हटलं, मरायच्या आधी एक तरी काम बिनकामाचं करू दे की.

राहतनं तीन कॉर्ड शिकवले, म्हणजे तारा दाबायच्या तीन तऱ्हा. तिचं म्हणणं, तीन कॉर्डवर अर्धी दुनिया वाजते. खरंच वाजते. पहिल्या महिन्यात वाढदिवसाची धून आली. मग आरतीची चाल, मग घंटागाडीची, मग बातम्यांच्या आधी लागते ती. घंटागाडीची धून मी खिडकीत वाजवली तर समोरचे काकासाहेब बोर्डे कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरले. निवृत्त पोस्टमास्तर माणूस, रागावले नाहीत, पोट धरून हसले. इतकी मजा मला सासरी आल्यापासून कधी आली नव्हती, हे मी लिहून ठेवते.

ही मजा आठ महिने टिकली.

कलम ४. आता १४ नोव्हेंबर १९८८, सोमवार.

यजमानांना वाजवायचा नाद होता. त्यांच्याकडं बुलबुल तरंग होतं, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आदल्या दिवशी, रविवारी रात्री, गल्लीत एकाच घरी टीव्ही होता तिथं आम्ही नवीन सुरू झालेली मालिका बघितली. मालिकेचं नाव इथं नको. तिची धून पंधरा सुरांची होती आणि शेवटी चार सूर वर चढत जायची. पुढं ती शाळेतल्या पोरांच्याही तोंडी बसली.

सोमवारी यजमानांचं दुकान बंद असायचं. पहाटेच चादर पांघरून ते गच्चीवर बसले आणि ती धून लावू लागले. मी खाली भाकरी थापत होते. अकरा सूर बरोबर यायचे आणि पुढं अडायचं. त्यांच्या वाद्याचं सगळ्यात वरचं बटण आठवडाभर अडकलेलं होतं. मग त्यांनी शेवटचे चार सूर वर न्यायच्या ऐवजी खाली उतरवले. जिन्यातून ओरडले, "सारजे, वर जाता येत नाय, म्हणून खाली उतरलो. कसं वाटतं?" मी म्हटलं, "लई रडकं वाटतं." ते हसले. परत परत तसंच वाजवत राहिले. सव्वासहाला मी क्रांती चौकातून कंपनीची बस पकडली. तेच आमचं शेवटचं बोलणं. रडकं म्हटलं, याची मला अजून हळहळ आहे.

दहाच्या सुमाराला ते गच्चीवरून पडले. पंचनाम्यात पाय घसरल्याचं लिहिलं आहे. मला कारखान्यातून आणलं तेव्हा अंगणात चादर घातलेली होती. बुलबुल तरंग गच्चीवर नव्हतं. खोलीत होतं, पेटीत घालून, कडी लावून. यजमानांनी जन्मात कधी त्या पेटीला कडी लावली नाही. मी बरेच दिवस त्या कडीचा विचार केला. मग लोक म्हणाले, वहिनी, नका डोकं शिणवू. मी शिणवायचं सोडलं.

बन्सी त्या वेळी तिशीचा होता. रविवारी दुपारीच तो जालन्याला सासुरवाडीला गेला होता. बायको आणि लेक आधीपासून तिथंच होत्या. सोमवारी संध्याकाळच्या एस.टी.नं आलो, असं त्यानं सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. मीही धरलं. दिवाळीत दोघा भावांची कडाक्याची भांडणं झाली होती. बन्सीला तळमजला नावावर हवा होता. यजमान म्हणाले होते, "महिनाअखेर दुसरी जागा बघ." महिनाअखेर यजमानच नव्हते. जागेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

कलम ५. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. राहतनं मला जुन्या मालिकांच्या धुना शिकवायला घेतल्या. मोबाइलवर ती मालिकेची धून लावली आणि माझ्या हातातलं युकुलेले थांबलं. पस्तीस वर्षांत ती मी एकदाही गुणगुणली नव्हती. टीव्हीवर लागली की उठून जायची. घरी येऊन खिडकीत बसले आणि बोटं आपोआप यजमानांच्या वळणानं गेली. अकरा सूर झाले. मी रडू आलं म्हणून थांबले.

जिन्यात बन्सी चहा घेऊन येत होता. रोज पाचला तो मला चहा आणतो. गल्लीत त्याचं याबद्दल फार कौतुक आहे. मी थांबले आणि त्यानं पुढचे चार सूर गुणगुणले. खाली उतरणारे.

कप ठेवला, म्हणाला, "साखर कमी टाकलीय वहिनी," आणि गेला. आपण काय केलं ते त्याला कळलंही नाही.

मी त्या कपाकडं बघत बसले. टीव्हीवर ती धून वरच जायची. ती खाली उतरवणारा जगात एकच माणूस होता, आणि त्यानं ती एकाच सकाळी वाजवली. मी बसमध्ये होते. मग ऐकायला गच्चीवर कोण होतं?

बन्सीनं ढकललं की पाय घसरताना नुसता बघत उभा राहिला, हे मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. तो तिथं होता, आणि पस्तीस वर्षं माझ्या हातचं जेवून तो नव्हता म्हणून सांगत आला, एवढं मी लिहिते. जीव जळतो माझा.

कलम ६. जानेवारीत बन्सीनं घराचं तयार बक्षीसपत्र आणलं. "नुसती सही करा वहिनी, म्हातारपणी मीच हाय तुम्हाला." मी म्हटलं, विचार करते. त्यानंतर त्यानं आपली खाट जिन्याच्या पायथ्याशी टाकली. माझ्या गोळ्यांचा डबा तो भरू लागला आहे. आणि मागच्या आठवड्यात तीनदा म्हणाला, "वहिनी, गच्चीवर चला की जरा. टाकीत काय पडलंय बघा. मला एकट्याला नाय दिसत." गच्चीचा पूर्वेकडचा कठडा त्यानं दुरुस्तीला म्हणून काढला आहे. गवंडी काही येत नाही.

म्हणून स्पष्ट लिहिते. मी १९८८ पासून गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही. मी गच्चीवरून पडले असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. मी झोपेत गेले असं सांगितलं तर गोळ्यांचा डबा आधी पोलिसांच्या हवाली करावा. दहनाची घाई करू नये.

कलम ७. आता कोणी म्हणेल, म्हातारीला भास झाला. मलाही रोज वाटतं. एका धुनेवरून माणसाला दोषी धरायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? आशाचा तो बाप आहे. माझं चुकलं असेल तर मी मरताना एका निरपराध माणसाला काळं फासलं, असं होईल. त्याची मला बन्सीपेक्षा जास्त भीती वाटते.

तेव्हा असं ठरवलं आहे. आज सही करायला शमशाद आणि काकासाहेब येतील. त्यांना मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. पाचला बन्सी चहा घेऊन जिना चढेल, तेव्हा मी ती धून वाजवीन. टीव्हीवरच्यासारखी, बरोबर, शेवट वर नेऊन. त्यात खाली उतरणारा एकही सूर माझ्याकडून जाणार नाही. मग बन्सी जे करील ते साक्षीदारांनी डोळ्यांनी बघावं, कानांनी ऐकावं. नंतर हा कागद वाचावा आणि पुढच्या कलमातलं एक पोटकलम माझ्यासमक्ष खोडावं. मी एकटीनं ऐकलेलं मला पुरत नाही.

कलम ८. (अ) बन्सी काही बोलला नाही, तर कलम ४ ते ७ माझा संशय समजून रद्द करावीत. तळमजला बन्सीला, वरचा मजला आशाला. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली असं समजावं.

(ब) बन्सीनं खाली उतरणारा शेवट म्हटला, तर संपूर्ण घर आशाला. बन्सीला फक्त बुलबुल तरंग, पेटीसह. अडकलेलं बटण दुरुस्त करू नये. या कागदाची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. आशाला हे सांगायचं काम शमशादनं करावं. पोरीला जवळ घेऊन सांगावं, फोनवर नाही.

कलम ९. अंमलबजावणी काकासाहेब बोर्डे करतील. माझ्या पाठीमागं कोणी वाजवलंच, तर घंटागाडीची धून वाजवावी. रडकं काही नको.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४
सही: सारजाबाई कारभारी दांडगे

साक्षीदारांचं निवेदन (काकासाहेब बोर्डे यांच्या हातचं)

सारजाबाईंनी वरील सही आम्हा दोघांसमोर केली. सहीच्या वेळी जे घडलं ते त्यांच्या सूचनेप्रमाणे लिहितो.

पाच वाजून काही मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. सारजाबाईंनी युकुलेले घेतलं आणि एक धून वाजवली. ती मालिका मी एकही भाग न चुकवता बघितली आहे. धून अगदी बरोबर होती, शेवट वर जाणारा. श्री. बन्सी दारात आले. हातात ट्रे होता. आम्हाला बघून हसले आणि म्हणाले, "व्वा वहिनी! पण शेवट चुकला बघा. तो वर नाय जात, खाली उतरतो." आणि त्यांनी चार सूर म्हणून दाखवले. मी म्हणालो, नाही हो, वरच जातो. ते म्हणाले, "नाय नाय, दादा असंच..." आणि थांबले.

त्यांची नजर सारजाबाईंसमोरच्या कागदावर गेली. मग त्यांनी विचारलं, कसला कागद आहे? सारजाबाई म्हणाल्या, क्लासचा. ते ट्रे ठेवून बाहेर गेले. त्यानंतर आम्ही हा कागद वाचला. कलम ८ (अ) आमच्या हातानं खोडलं आणि सारजाबाईंनी सही केली. चहा कोणी घेतला नाही. तो बाटलीत भरून ठेवला आहे.

शमशाद यांनी सारजाबाईंचा हात धरून म्हटलं, "चल गे मेरे घर, अभी के अभी." सारजाबाई उठल्या. युकुलेले पिशवीत घातलं, चष्मा घेतला, दाराशी गेल्या आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "थांबा. त्याची पावलं खाली गेली नाहीत, वर गेली. गच्चीचं दार वाजलं. आता तिघं मिळून उतरू. जिना एकच आहे."

साक्षीदार:
१. शमशाद मोहियोद्दीन शेख, निवृत्त शिक्षिका, औरंगपुरा
२. काकासाहेब बोर्डे, निवृत्त पोस्टमास्तर, औरंगपुरा