पार्ट टूमध्ये काय होतं?

रविवार, ९ जानेवारी २००५

उजूने लागोसहून ही डायरी पाठवली. म्हणते, बाबा, तुम्ही फोनवर फार बोलता, थोडं लिहूनही ठेवत जा. बापाच्या विचारांची मुलीला किंमत आहे. बरं वाटलं.

संकल्प: चहात साखर एकच चमचा. सकाळी रेल्वे स्टेशनपर्यंत चालणं. (गाड्या येत नाहीत म्हणून स्टेशन मास्तरने, रिटायर्ड का होईना, तिकडे फिरकायचंच नाही असं थोडंच आहे.) सिनेमांवर मत देताना आटोपशीर बोलणं. आणि पेर्पेतुआला लग्नाचं विचारणं. हा शेवटचा सगळ्यात वर लिहायला हवा होता. पण पेनने लिहिलंय, राहू दे.

मंगळवार, ११ जानेवारी

चालणं झालं नाही. हवेत हर्मटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ. साखर दोन चमचे, कारण चमचा लहान आहे.

संध्याकाळी ओक्वुदिलीच्या सीडीच्या दुकानासमोर, बाकावर. नेहमीची मंडळी. मी, सिल्वानस शिंपी आणि ओझिओमाची आई, म्हणजेच पेर्पेतुआ. चारचौघांत मी ओझिओमाची आईच म्हणतो. पेर्पेतुआ फक्त या डायरीत.

आमचे सगळे सिनेमे दोन सीड्यांत येतात. पार्ट वनमध्ये नवरा मरतो आणि दीर मिळून विधवेला घराबाहेर काढतात. पार्ट टूमध्ये दिरांचं वाटोळं होतं. मी पार्ट वन नेतो, ती पार्ट टू नेते. दुसऱ्या दिवशी बाकावर ती विचारते, सुरुवातीला काय झालं हो? मी विचारतो, पार्ट टूमध्ये काय होतं? असा दोघं मिळून आम्ही एक सिनेमा पुरा करतो. लग्न झालेल्यांना तरी एवढं कुठे जमतं.

आज ओक्वुदिली म्हणाला, पार्ट टूही घेऊन जा की, कॉप्या धूळ खात पडल्यात. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, पण त्याला काय सांगणार. म्हटलं, या वयात डोळ्यांना एका वेळी एकच पार्ट झेपतो.

शुक्रवार, १४ जानेवारी

पाहिला: ‘चीफची सही’, पार्ट वन. मत: ठीक. पुन्हा तोच पांढऱ्या जिन्याचा बंगला, तोच सोफा. त्या सोफ्याच्या कव्हरांची मला आता घरच्या कव्हरांपेक्षा जास्त ओळख आहे. चीफ मरायला फार वेळ घेतो. सगळ्यांना एकेक करून बोलावतो, पुन्हा बरा होतो, पुन्हा खोकतो. माझी अगाथा एका दुपारीत गेली. कोणाला वाट बघायला लावली नाही. मी तेव्हा कांदे आणायला गेलो होतो.

विष ड्रायव्हरनेच घातलंय. बाकावर तसं जाहीर केलं. पेर्पेतुआ म्हणाली, नाही हो उजूचे बाबा, ड्रायव्हर तर चीफचा हरवलेला मुलगा निघतो. शेवटी तो विधवेला घर बांधून देतो. लहानसंच, पण निळं फाटक, आणि दाराला आतून कडी. म्हटलं, पटत नाही. त्याच्या मिशाच खुनी माणसाच्या आहेत. तिने वाद घातला नाही. दुकानाकडे बघून हसली. दुकानाकडे, म्हणजे लाज वाटली म्हणून माझ्याकडे नाही.

सोमवार, २४ जानेवारी

पाहिला: ‘धाकट्या दिराची शपथ’, पार्ट वन. मत: रडारड. पाऊस पाइपने पाडलाय, कोपऱ्यात पाइप दिसतो. पेर्पेतुआने सांगितल्याप्रमाणे, पार्ट टूमध्ये धाकटा दीर वेडा होऊन बाजारात फिरतो आणि विधवेला एक घर मिळतं. निळं फाटक. शिवाय लिंबाचं झाड. आमच्या डायरेक्टर लोकांची अक्कल आटली आहे. ऊठसूट निळं फाटक.

तिचं स्वतःचं घर असंच दिरांनी काढून घेतलं. आता ओग्बेते मार्केटमागे भाड्याची खोली, दुसऱ्या दोन बायकांबरोबर. त्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर ख्रिसमसच्या आधीच जळालाय. लाइट नाही, जनरेटर नाही. तरी बाई नेमाने पार्ट टू नेते. सिनेमाची केवढी ओढ. की दुसऱ्या कशाची? मी आपल्या हाताने लिहीत नाही.

बुधवार, २ फेब्रुवारी

ओक्वुदिलीची कीव येते. पन्नाशी आली, लग्न नाही, तोंडातून दोन वाक्यं सलग निघत नाहीत. दिवसभर सीड्या पुसतो आणि काउंटरमागून आमचं ऐकतो. आज पेर्पेतुआ यायच्या आधी त्याला जवळ बसवून समजावलं. म्हटलं, मनात मांडे खाऊन पोट भरत नाही. एखादी बाई बघ. फुलंबिलं नेऊ नकोस, उपयोगाची वस्तू दे. आणि बायका काय हवं ते सरळ सांगत नाहीत, आडून सांगतात, तेव्हा कान उघडे ठेव. त्याने मान हलवली. गाढवाला गुळाची चव काय. पण आपण सांगावं.

घरी येऊन रेडिओ लावला. दोन्ही खोल्यांत ऐकू येईल एवढा मोठा.

शनिवार, ५ फेब्रुवारी

पेर्पेतुआकडे नवाकोरा चार्जिंगचा दिवा. छान आहे म्हटलं. म्हणाली, दिला कोणीतरी. ओझिओमाने पाठवला असणार, मुलगी गुणी आहे. चार्जिंग कुठे करता, विचारलं, तर म्हणाली, इथे दुकानातच. ओक्वुदिली सीडी पुसत होता, वर बघितलंसुद्धा नाही. एवढ्यात चार शब्द बोलायची संधी होती. अशाने कसं व्हायचं याचं.

बुधवार, ९ फेब्रुवारी

कपाळाला राख लावून आलो. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू. आता ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्नं नाहीत, तेव्हा विचारायची घाई करून उपयोग नाही. देवानेच वेळ दिलाय.

उपवासाचा संकल्प: साखर बंद.

संध्याकाळी: साखर उद्यापासून बंद.

शनिवार, १९ फेब्रुवारी

ओक्वुदिली घराचं फाटक रंगवतोय. निळं. थांबून सांगितलं, बाबा रे, निळ्यावर धूळ दिसते, तपकिरी लाव. म्हणाला, निळंच हवंय. सल्ला फुकट मिळतो म्हणून किंमत नाही.

बाकावर हे सांगितलं तर सिल्वानस म्हणाला, स्टेशन मास्तर, गाडी निघून गेली की तुम्ही झेंडा दाखवता. अर्थ कळला नाही. शिंपी लोक दिवसभर मशीनपुढे एकटे बसतात, मग असं काहीतरी बोलतात. पेर्पेतुआ मात्र रुमालाने तोंड पुसत बराच वेळ हसत होती. तिला हसवायचं सिल्वानसला जमतं आणि मला नाही, असं मुळीच नाही. मीच तर विषय काढला होता.

शनिवार, १२ मार्च. सकाळी

आज ती घरी येणार. मी बोलावलं, ती हो म्हणाली, साक्षीला सिल्वानस होता. ‘चीफची सही’, दोन्ही पार्ट, एकत्र. आधी पार्ट वन, मध्ये कोंबडीचं तिखट सूप, मग पार्ट टू, आणि शेवटी पडद्यावर सगळे सुखी असताना विचारायचं. स्टेशन मास्तरचं टाइमटेबल आहे, चुकायचं नाही. अगाथाने विणलेली सोफ्याची कव्हरं धुतली. केस काळे केले. कानही थोडे झाले.

तोच दिवस. संध्याकाळी

ती आली. सीड्या घेऊन ओक्वुदिलीही आला. म्हणाला, तुमचा प्लेअर कधीकधी अडतो. घरपोच सेवा म्हणायची. मी प्रत्येक सीनला थांबवून नीट समजावलं. ड्रायव्हर आला तेव्हा तिने विचारलं, हा कोण? म्हटलं, अहो, हाच तो, चीफचा हरवलेला मुलगा, तुम्हीच सांगितलंत. म्हणाली, हो हो, पार्ट टूमध्ये जाड दिसतो.

पार्ट वन संपायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. जनरेटरची दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळला. ओक्वुदिलीने प्लग काढला, पुसला, फुंकर मारली, चालू. तोवर अंधारून आलं. ती म्हणाली, पार्ट टू राहू दे, मी सांगितलाच आहे तुम्हाला. एकट्या बाईला अंधारात कसं पाठवायचं, म्हणून मीच ओक्वुदिलीला बजावलं, ओझिओमाच्या आईला दारापर्यंत सोड. कधी नव्हे तो चटकन उठला.

तिघांचं सूप मी एकट्याने प्यायलो. पार्ट टू प्लेअरवर पडून आहे. तिने सांगितल्यावर पुन्हा बघणं म्हणजे तिच्यावर अविश्वास.

एकंदरीत संध्याकाळ चांगली गेली.

रविवार, २७ मार्च. ईस्टर

उजूला फोन केला. सांगितलं की लग्न करतोय. तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, बाबा, त्या बाईंना माहीत आहे का? म्हटलं, समजूतदार माणसांत सगळं बोलून दाखवावं लागत नाही. म्हणाली, बाबा, एकदा बोलून दाखवा. मुलं लांब राहिली की त्यांना घरातलं काही कळत नाही. मी विचारलं, तू कधी येतेस? तर लाइन तुटली. बहुतेक तुटलीच असावी.

पुढच्या रविवारी, चर्चमधल्या मासनंतर, नक्की.

रविवार, ३ एप्रिल

सूट घातला. ती पुढच्या बाकावर, मी मागच्या. मास संपताना फादरच्या मदतनिसाने, कॅटेकिस्टने, लग्नांच्या घोषणा वाचल्या. पेर्पेतुआ न्वोदो, विधवा, राहणार याच पॅरिशमध्ये, असं वाचलं. एक क्षण मला खरंच वाटलं की पुढे माझं नाव येणार. देवाने कोणाच्या तरी कानात सांगितलं असेल. उठावं लागेल म्हणून मी कोटाचं बटण लावलं. मग ओक्वुदिलीचं नाव आलं.

बटण लावून बसून राहिलो. सगळे गेले तरी.

मंगळवार, ५ एप्रिल

ओक्वुदिली घरी आला. मान द्यायला फोडतात ते कोलाचं फळ आणि एक बाटली घेऊन. आजवर एवढा बोलताना कधी ऐकला नाही. म्हणाला, उजूचे बाबा, मला वडील नाहीत, तिच्या माणसांकडे मागणीची वाइन घेऊन जाऊ तेव्हा माझ्या बाजूने तुम्ही बोलायचं. हे सगळं तुमच्यामुळे झालं. उपयोगाची वस्तू दे म्हणालात, मी दिवा दिला. कान उघडे ठेव म्हणालात, मी ठेवले.

म्हटलं, मला सगळं पहिल्यापासून दिसत होतं. म्हणाला, सिल्वानसला वाटत होतं की तुम्हाला काहीच कळत नाहीये. म्हटलं, सिल्वानस शिंपी आहे.

कोला फोडला. तिसऱ्या खेपेला फुटला. कोला कडक होता.

रविवार, २४ एप्रिल

काल लग्न झालं. वाइनच्या दिवशी माझं भाषण गाजलं होतंच. सिल्वानसने मागून कोट ओढला नसता तर आणखी गाजलं असतं. काल जेवणं झाल्यावर पेर्पेतुआ मुद्दाम माझ्याजवळ आली. म्हणाली, उजूचे बाबा, तुम्ही रोज विचारलं नसतंत, तर मी कोणापाशी बोलले असते? मी हो हो म्हटलं. कशाबद्दल, ते कळलं नाही.

आज दुपारी करायला काही नव्हतं. दुकान बंद. प्लेअरवर ती सीडी होतीच. ‘चीफची सही’, पार्ट टू. लावली.

विष ड्रायव्हरनेच घातलं होतं. मी बरोबर होतो. उठून उभा राहिलो, सांगायला. मग बसलो.

हरवलेला मुलगा वगैरे कोणी नाही. दिरांवर वीज पडते, विधवा चर्चमध्ये गाणं म्हणते, संपलं. घर नाही. फाटक नाही. मागे नेऊन पुन्हा बघितलं. कुठल्याच रंगाचं फाटक नाही.

म्हणजे तिने एकही पार्ट टू पाहिला नव्हता. कुठून पाहणार, गल्लीत लाइट नव्हती. ती सीडी नेत होती आणि परत आणत होती, दुकानात यायला निमित्त म्हणून. आणि निळं फाटक, आतली कडी, लिंबाचं झाड, हे ती मला सांगतच नव्हती. काउंटरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होती. मी मध्ये बसलो होतो.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिच्या गोष्टी सिनेमापेक्षा चांगल्या होत्या आणि मी तिच्याशी मिशांवरून भांडलो.

संकल्प: त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. कोणालाही काही बोलायचं नाही. साखर बंद.

सोमवार, ९ मे

दुकानात गेलो. सिनेमा हा सिनेमा आहे, त्यावर राग का काढायचा.

हल्ली दुपारनंतर काउंटरवर तीच बसते. ओक्वुदिली आत जनरेटर दुरुस्त करत होता. शाळेच्या गणवेशांचं काम आल्यामुळे सिल्वानस नव्हता. बाकावर मी एकटा. ‘माळ्याची मुलगी’ मागितला, पार्ट वन. ती म्हणाली, तब्येत उतरली तुमची, जेवता ना नीट? म्हटलं, जेवतो.

मग विचारलं, पार्ट टूमध्ये काय होतं? ती काहीतरी सांगेल असं वाटलं होतं. निळं नको तर हिरवं फाटक सांग. मी या वेळी अजिबात वाद घालणार नव्हतो.

ती चांगल्या मनाने म्हणाली, घेऊन जा ना उजूचे बाबा, कॉपी आहे. दोन्ही पिशवीत घातले.

घरी आलो. लाइट आहे. पार्ट वन पाहिला. माळ्याच्या भावानेच केलंय. पार्ट टू टेबलावर आहे.